थोडं वर, सर

आमच्या केंद्रात दोन गोष्टींना फार मान होता: स्थिर आकड्याला आणि संचालकांच्या फोटोला. हरिणीचं नशीब असं, की तिची गाठ दोन्हींशी एकाच दिवशी पडली.

मी अर्चना, मूळची कराडची. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले आणि गिंडीतल्या या ध्रुवीय हवामान केंद्रात कंत्राटावर चिकटले. काम एकच, बैठकांचं इतिवृत्त लिहिणं. ध्रुवीय केंद्र गिंडीत कसं, असं मला सासरी-माहेरी सगळे विचारतात. जागा स्वस्त मिळाली म्हणून. खालच्या मजल्यावर लेथवर बोल्ट कातले जातात आणि वरच्या मजल्यावर आम्ही अंटार्क्टिकाचं भवितव्य ठरवतो. खालच्यांना संध्याकाळी दिवसभराचं काम टोपलीत भरून दाखवता येतं, एवढाच काय तो फरक.

संचालक डॉ. मधुसूदन. अंटार्क्टिकावर त्यांची सत्तावीस व्याख्यानं झाली होती, पाऊल मात्र एकदाही पडलं नव्हतं, कारण सरांना बोट लागते. त्याची भरपाई म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीतला एसी सोळावर ठेवला होता. बाहेर माणसं घामानं निथळतायत आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलोय. जून महिन्यात चेन्नईत स्वेटर धुऊन वाळत घालणारं आमचं एकच ऑफिस असेल.

गोष्ट सुरू झाली २००८ च्या आयुधपूजेला. या दिवशी इकडे बसपासून स्टेपलरपर्यंत प्रत्येक हत्याराला चंदन-कुंकू लागतं. मला हा सण आवडतो. पण त्याचा एक कडक रिवाज आहे. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. आमच्याकडे तेव्हा अंटार्क्टिकाला जायची दोन यंत्रं तयार होती. माणसाच्या उंचीचा खांब आणि त्याच्या टोकाला अंगठ्याएवढी, बारीक छिद्रांची टोपी. त्या टोपीतून हवा आत जाते आणि हवेत किती बाष्प आहे ते यंत्र सांगतं. खांबांवर ठळक आकडे रंगवले होते, १ आणि २. आदल्या दिवशी आमच्या शास्त्रज्ञ हरिणीनं दोन्ही तपासून, कोरडी राहावीत म्हणून सिलिका जेल घालून पिशव्यांत बंद केली होती. पूजेसाठी एक नंबर बाहेर काढला.

बालाजीराव चंदनाची वाटी घेऊन उभे होते. हे आमचे यंत्रशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, मूळचे तंजावरकडचे, मैलापूरला राहणारे. खांब त्यांनीच घडवले होते. हरिणीही तिकडचीच; माझ्याशी दोघंही तंजावरची जुन्या वळणाची मराठी बोलतात. सरांनी वाटीत बोट बुडवलं आणि वाकून खांबाच्या दांडीला लावायला गेले. फोटोग्राफर सुब्बा ओरडला, "थोडं वर, सर! चेहरा येत नाही!" सरांचं बोट वर सरकलं. "अजून थोडं, सर!" अजून सरकलं. असं करत करत ते टोकाच्या टोपीवर पोचलं, तिथे सरांनी चांगला जाड टिळा फासला, वर कुंकू दाबलं, आणि सुब्बाला चेहरा मिळाला. फोटो झाल्यावर दोन नंबरला पिशवीतून काढायची गरज कुणालाच वाटली नाही.

हरिणी हे सगळं होत असताना कुठे होती? पलीकडच्या खोलीत कागदी बशांमध्ये पोरी आणि सुंडल, म्हणजे आपले चुरमुरे आणि चण्याची उसळ, वाढत होती. केंद्रात शास्त्रज्ञ सहा, पण बाई ती एकटीच. तेव्हा उसळ कोण वाढणार यावर बैठक घ्यावी लागली नाही.

यंत्राची विश्रांती म्हणून त्या दिवशी पुन्हा तपासणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीची सुट्टी. तिसऱ्या दिवशी पेट्या केपटाउनला रवाना. जानेवारीत तिकडच्या मंडळींनी हातमोजे घालून, डोळे मिटून, वाऱ्याला शिव्या घालत चाळीस किलोमीटरच्या अंतरानं दोन्ही खांब बर्फात उभे केले, टोप्यांवर उन्हापासून वाचवणारी, हवा खेळती ठेवणारी पांढरी झाकणं बसवली आणि तंबूत पळाले. आकडे उपग्रहावरून गिंडीला येऊ लागले.

एक नंबरचा आकडा आला चाळीस टक्के. दुसऱ्या दिवशी चाळीस. महिन्यानं एकेचाळीस, मग पुन्हा चाळीस. सर इतके खूश झाले की पाहुण्यांना नेऊन दाखवायचे. "बघा, याला म्हणतात स्थिरता!" दोन नंबर मात्र जिवंत माणसासारखा वागत होता. आज पन्नास, उद्या सत्तर. आणि मे महिन्यात तर त्यानं कहरच केला. तीन दिवस आकडा सत्त्याण्णववर जाऊन बसला. उणे चोवीसवरचं तापमान उणे पाचवर आलं आणि खांबाशी ऐंशी सेंटिमीटर बर्फ साठला.

त्या दिवशी हरिणीनं मला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिला धाप लागली होती.

"अर्चना, नदी आली होती!"

"कुठे? अड्यार नदीला पूर?"

"आकाशांत गे! हजारों मैल लांब, पण अरुंद. उष्ण समुद्रावरली वाफ वारा एका पट्ट्यांत धरून दक्षिणेकडे नेतो. मध्यें कोणी अडवलें नाही तर ती थेट बर्फाच्या माथ्यावर जाऊन आपटते. तिथली हवा इतकी सुकी, की सहा महिन्यांचा बर्फ तीन दिवसांत पडून जातो."

"मग चांगलंच की. बर्फ वाढला."

"तो पाहुणा कसा आहे ठाऊक? येताना पोतंभर तांदूळ घेऊन येतो आणि जाताना घराचा उंबरा उपटून नेतो. आंत बर्फ पडतो खरा, पण किनाऱ्याला तीच ऊब बर्फ वितळवते. कधीं पाऊससुद्धा पडतो, बर्फावर पाऊस! मग कडा तुटतात. ती किती वेळां येते हें मोजलें नाही, तर बर्फ वाढतो की घटतो हें कोणास कळणार?"

माझ्या डोक्यात त्यातलं निम्मं शिरलं, पण तिचा चेहरा पुरेसा होता. ही बाई सात वर्षं बर्फावर लेख लिहीत होती आणि बर्फ तिनं पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. नोव्हेंबरच्या मोहिमेच्या यादीत यंदा पहिल्यांदा तिचं नाव होतं.

सरांना आकाशातली नदी मुळीच पटली नाही. अंटार्क्टिका हा जगातला सर्वांत कोरडा खंड आहे, हे वाक्य त्यांच्या सत्तावीसही व्याख्यानांत होतं. आता अठ्ठाविसाव्यात ते बदलायचं म्हणजे काय! शिवाय दोहोंपैकी एक यंत्र बिघडलंय हे उघडच होतं, आणि कुठलं, हेही सरांच्या मनात पक्कं होतं. जूनमध्ये त्यांनी समिती बसवली. विषय होता, यंत्र क्रमांक दोन सदोष ठरवणे, त्याच्या मे महिन्यातल्या नोंदी रद्द करणे आणि तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञाची जबाबदारी निश्चित करणे. थोडक्यात, तीन दिवसांची नदी खोडायची आणि तिच्याबरोबर यादीतलं हरिणीचं नाव.

बैठकीच्या आदल्या दिवशी आयुधपूजेचा तो फोटो दारापेक्षा थोडा लहान, एवढा मोठा करून सरांच्या खुर्चीमागे लावण्यात आला. दिल्लीचे कुणी पाहणीला येणार होते म्हणे. पडदाही त्याच भिंतीवर. त्यामुळे हरिणी फोटोकडे पाठ करून बोलत होती आणि समोर बसून कोपऱ्यात लिहिणारी मी तो दिवसभर बघत होते.

बैठक इंग्रजीत झाली, पण मूर्खपणाला भाषा लागत नाही, म्हणून मराठीत सांगते.

"एकाच प्रदेशात एक यंत्र चाळीस दाखवतं आणि दुसरं सत्त्याण्णव," सर म्हणाले. "सत्त्याण्णव हा चेन्नईचा आकडा आहे. यंत्राला इथल्या दमट हवेची सवय लागलेली दिसते."

समितीनं माना डोलावल्या. यंत्राला माहेरची सवय लागते हा शोध मी इमानेइतबारे लिहून घेतला.

हरिणी म्हणाली, "सर, सहा महिने चाळीसवर थांबेल अशी हवा पृथ्वीवर कुठेच नाही. आणि तापमान दोन्हीकडे चढलंय."

"वाऱ्यानं."

"ऐंशी सेंटिमीटर बर्फ?"

"वाऱ्यानं उडून आला."

तिनं उपग्रहाचं चित्र दाखवलं. समुद्रापासून बर्फापर्यंत एक पांढरा पट्टा गेला होता. एक सदस्य म्हणाले, ढगात आपल्याला हवं ते दिसतं, त्यांच्या आईला एकदा गणपती दिसला होता. मग तिनं खिडकीकडे बोट केलं. एसीनं गार पडलेल्या काचेवर बाहेरून पाण्याचे ओघळ वाहत होते. "सर, हेच. बाहेरची ओली हवा गार काचेला भेटली आणि तिनं पाणी टाकलं. तिकडे काचेऐवजी बर्फाचा डोंगर आहे, इतकंच."

सरांनी काचेकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं.

"अर्चना, लिहा," सर म्हणाले. "एसीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावणे."

त्याच वेळी, हताश होऊन मान वर केली, तेव्हा मला ते दिसलं. फोटोत सरांचं बोट, बोटाखाली टोपी, टोपीवर पिवळा लपका, आणि खाली खांबावर ठळक १.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे, पण चंदन वाळलं की कसं घट्ट बसतं हे देवपूजा करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. सहाणेवरचं निघता निघत नाही. छिद्रांत गेलेलं कसं निघेल?

जेवणाच्या सुट्टीत मी धावत यंत्रशाळेत गेले. बालाजीराव दहीभात खात होते. मी दारातच विचारलं, "एक नंबरच्या टोपीवर चंदन लागलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी घास खाली ठेवला. "मीं तेव्हांच सांगितलों, 'सार, खालीं लावा, दांडीस लावा.' सुब्बा म्हणतो वर. मला कोण ऐकतें?"

"मग नंतर पुसलं का नाही?"

"पूजेचें संदनम पुसायचें? त्या दिवशीं? ऐयो! आणि मग तर पेटी गेली."

"आठ महिने झाले, बालाजीराव. वर तिचा गळा कापतायत."

"माझें एक्स्टेन्शन साराच्या मेजावर पडलें आहे, अम्मा. सप्टेंबरांत रिटायर होतों. सही व्हायची आहे." ते माझ्याकडे बघत नव्हते. "हरिणी लहान आहे. पुढल्या वर्षीं जाईल."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हरिणी या माणसाला मामा म्हणते. त्यांची बायको आजारी होती तेव्हा महिनाभर डबा हिनं पोचवला होता. मी वर आले. जिन्यात मात्र माझ्या लक्षात आलं की मला तरी कुठे तोंड उघडायचं धाडस होतं. माझं कंत्राट मार्चपर्यंत आणि सही तीच. मग ठरवलं, तोंड उघडायचंच, पण सरांना आवडेल अशा विषयावर.

जेवणानंतर सरांनी ठराव सांगितला. मी लिहिला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला. शेवटी भोळेपणानं म्हणाले, "सर, यंत्र सदोष ठरवताना दोन्ही यंत्रांची ओळख पटवून नोंदवावी लागते. नियम आहे. तशी यंत्रं तर तिकडे आहेत. पण आपल्या या फोटोत एक छान दिसतंय. त्यावरून पटवली तर?"

फोटोचं नाव काढताच सरांचा चेहरा खुलला. "उत्तम! बघा ना, बघा. उपेंद्र, तुम्ही बघा. तुम्ही बाहेरचे सदस्य, तुम्हीच ओळख पटवा."

प्रोफेसर उपेंद्र सकाळपासून झोपेशी झुंजत होते. ते उठले, चष्मा कपाळावर चढवून फोटोला नाक लावलं. "क्रमांक एक. हा आपला चांगला. ठीक." मग नाक थोडं वर सरकलं. "हे पिवळं काय आहे?"

"मंगल चिन्ह," सर म्हणाले.

"ते कळलं. कशावर लावलंय?"

हरिणी वळली. मी तिच्याकडेच बघत होते. तिनं आधी फोटोतला चेहरा बघितला, मग बोट, मग बोटाखालची टोपी. तिचा हात तोंडावर गेला. ती रडणार असं मला वाटलं, पण ती हसू दाबत होती.

"ही टोपी आहे, सर," ती उपेंद्रांना म्हणाली. "हिच्या छिद्रांतून हवा आत जाते."

"जाते?"

"जायची."

उपेंद्र पूर्ण जागे झाले. "म्हणजे सहा महिने आपण अंटार्क्टिकाची हवा मोजतच नाही. चंदनाखाली कोंडलेली, पिशवीत सुकवलेली गिंडीची हवा मोजतोय आणि तिच्या स्थिरतेचं कौतुक करतोय!"

सरांनी बालाजीरावांना बोलावून घेतलं आणि करड्या आवाजात विचारलं, "हे चंदन कुणी लावलं?"

सरांच्या डोक्यावर, जवळजवळ दाराएवढ्या आकारात, सर चंदन लावत होते. बालाजीरावांनी फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, शेवटी हरिणीकडे. "फोटोंत दिसतें, सार," ते म्हणाले.

त्या दिवशीचा ठराव माझ्याच अक्षरात आहे. बैठकीत सर्वानुमते ठरलं, की छायाचित्रकारानं अयोग्य उंची सुचवल्यामुळे यंत्र क्रमांक एकच्या कार्यात व्यत्यय आला. उपेंद्रांनी सही करायच्या आधी पेन उघडं धरून आणखी एक वाक्य घालायला लावलं. 'यंत्र क्रमांक दोनच्या मे महिन्यातल्या नोंदी ग्राह्य धराव्यात.' नदी वाचली. सर मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. यादीत हरिणीचं नाव राहिलं, पण त्यापुढचं 'शास्त्रज्ञ' खोडून 'यंत्र सफाई' असं लिहायला मला सांगण्यात आलं. आकाशातली नदी जिनं ओळखली, ती सरांचं चंदन खरवडायला दक्षिण ध्रुवाकडे निघाली.

"राग नाही येत?" मी तिला विचारलं.

"येतो की. पण झाडू घेऊन जा म्हटलें असतें तरी गेलें असतें मीं."

फोटो त्याच संध्याकाळी उतरवला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. दिल्लीचे पाहुणे त्याला छत्री अडकवून गेले. सुब्बाला पुन्हा कामाला बोलवायचं नाही असं ठरलं होतं, पण सरांचा चेहरा त्याच्याइतका चांगला कुणालाच जमत नसल्यामुळे सप्टेंबरात तो परत आला.

सप्टेंबरात पुन्हा आयुधपूजा. पुन्हा दोन नवी यंत्रं, हरिणीबरोबर जाणारी. बालाजीरावांचा शेवटचा आठवडा होता. एक्स्टेन्शनची सही झाली नाही ती नाहीच. 'फोटोंत दिसतें' हे दोन शब्दांचं वाक्य त्यांना वर्षभराच्या नोकरीला पडलं. तरीही वाटी घेऊन तेच उभे होते. हरिणी या खेपेला उसळ वाढायला गेली नाही. ती खांबापाशी हाताची घडी घालून उभी होती. चुरमुरे मीच वाढले; तिथल्या दारातून सगळं बघता येत होतं.

सरांनी बोट बुडवलं. दांडीकडे वाकले. जूनमधलं ते विसरले असतील असं नाही, पण सवय ही सवय.

"थोडं वर, सर!" सुब्बा ओरडला.

बोट सरकलं.

"अजून थोडं, सर!"

हरिणी पुढे झाली, पण बालाजीराव तिच्या आधी पोचले. त्यांनी डावा पंजा टोपीवर ठेवला आणि मूठ आवळली. सरांनी पाहिलं. कॅमेऱ्यापुढे चेहऱ्यावरचं हसू पुसता येईना आणि हात मागे घेता येईना. सुब्बानं बटण दाबलं. सरांनी चंदन फासलं ते बालाजीरावांच्या हातावर, वर कुंकूही दाबलं.

"सरी, सार, झालें," बालाजीराव म्हणाले. "आतां खालीं लावा."

सरांनी खाली लावलं.

तो फोटो मोठा केला गेला नाही. एक प्रत माझ्या खणात आहे. दुसरी जानेवारीत मी मैलापूरला बालाजीरावांच्या घरी घेऊन गेले, कारण त्या दिवशी सकाळी हरिणीची ईमेल आली होती आणि तिनं बजावलं होतं, मामांना स्वतः जाऊन वाचून दाखव.

कपालीश्वराच्या देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत ते ओट्यावर बसले होते. मी वाचलं.

"एक नंबरची टोपी दातांच्या ब्रशानें साफ केली. संदनम दगड झालें होतें. अर्ध्या तासांत आकडा चाळिसावरून हलला, संध्याकाळपर्यंत ब्याऐंशी. काल रात्रीं पुन्हां ओला वारा आला. मीं बाहेर उभी होतें. बर्फ पडेल म्हणून हात पुढें केला, तर हातावर पाणी पडलें. मामा, इथें पाऊस पडतो आहे. पायांखालचा बर्फ मऊ झाला. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मीं बरोबर होतें म्हणून. पण फार भीति वाटली. एक नंबर आणि दोन नंबर, दोन्ही यंत्रांनीं नोंद केली आहे. आतां कोणास खोडतां येणार नाही."

बालाजीराव डावा हात उलटा करून त्याच्याकडे बघत राहिले.

"दोन्ही यंत्रांनीं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"पुन्हां वाच," ते म्हणाले.